साहेबराव सरांचे वाटे

साहेबराव सर पहिल्यांदा आमच्या कंपनीत आले तेव्हा सिक्युरिटीने त्यांना कँटीनच्या दूधवाल्यांच्या रांगेत उभं केलं. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी आणि अंगाला कडब्याचा वास. गार्डचा अंदाज तसा वावगा नव्हता. सर निमूटपणे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि ‘माल काय आणला’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘इंग्रजी’ असं लिहिलं. गार्डने मला फोन केला, की मॅडम, एक दूधवाला इंग्रजी आणलंय म्हणतोय, आत सोडू का?

मी धावत गेटवर गेले आणि माफी मागितली. सर म्हणाले, “त्याची काय चूक न्हाई, ताई. सकाळी दोन म्हशी पिळूनच आलोय. दूध तेवढं घरी ठेवलं.”

चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंगचे जोड बनवणाऱ्या कंपनीत मी ट्रेनिंगचं काम बघते. काम म्हणजे काय, तर माणसं गोळा करणे, त्यांना बसवणे, त्यांच्या सह्या घेणे आणि त्या सह्या फाइलला लावणे. परदेशी ग्राहक वाढले, त्यांचे लोक लाइनवर येऊन कामगारांना थेट प्रश्न विचारायला लागले, तसं वरून फर्मान आलं की ऑपरेटर लोकांना थोडं इंग्रजी बोलता आलं पाहिजे. आधी पुण्याच्या एका एजन्सीला बोलावलं. त्यांच्या टायवाल्या मुलाने पहिल्याच दिवशी प्रेसवर काम करणाऱ्या दत्ताला इंग्रजीत विचारलं, तुमची बलस्थानं कोणती. दत्ता मूळचा लातूरकडचा. तो पुढच्या आठवड्यात आला नाही, आणि बाकीचेही आले नाहीत.

मग मला सर आठवले. आम्ही चिखलीत फ्लॅट घेतला तेव्हापासून ते शेजारच्या इमारतीत होते. इमारत त्यांचीच होती, त्यांच्या शेतावर उभी राहिलेली. भाडेकरू नांदेड, परभणी, जळगावचे. पार्किंगमध्ये मोटारसायकलींच्या पलीकडे दोन म्हशी बांधलेल्या. सर शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. माझी मुलगी नववीत त्यांच्याकडे शिकवणीला जायची आणि घरी येऊन सांगायची, की सर इंग्रजी साहेबासारखं बोलतात आणि मराठी म्हशीशी बोलल्यासारखं. मी तिला दटावलं. पण पहिल्या वर्गाला मागे बसल्यावर कळलं की पोरगी खरं बोलत होती. ‘गुड आफ्टरनून, लेडीज अँड जंटलमेन’ असं बीबीसी थाटात म्हणून झाल्यावर सर लगेच म्हणाले, “बसा की. हुबं का ऱ्हायलात? पानी प्यायला का कुनी?”

मी नंतर विचारलं, की तुम्ही मराठी असं का बोलता. त्यांना प्रश्नच कळला नाही. “म्हंजी कसं?” म्हणाले. “आमच्या घरात असंच बोलत्यात. इंग्रजी मी शिकलो, ती शिकवली तशी बोलतो. मराठी मला कुनी शिकवलीच न्हाई.”

वर्ग दर शनिवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर. पंचवीसेक माणसं, त्यातल्या नऊ बायका. सरांची शिकवण्याची रीत एकच. वर्गाला एक शब्द. गोणीच्या पिशवीतून ते जाडजूड शब्दकोश काढायचे, पण उघडायचे नाहीत. तो टेबलावर नुसता ठेवायचा. साक्षीदार म्हणून, असं ते म्हणत. मग फळ्यावर शब्द लिहायचा आणि म्हणायचं, “गाडीचं बॉनेट उघडून बगता का न्हाई? तसा ह्यो उघडायचा. आत काय काय हाय, कुठनं आलंय, कुठला पार्ट कुठं बसलाय.” गाड्यांचे जोड बनवणाऱ्या माणसांना हे पटकन समजायचं. शब्द परदेशातून सुटे येतात आणि इथे जोडले जातात, यात त्यांना नवल वाटत नसे. त्यांचं स्वतःचं काम तेच होतं.

पहिल्या महिन्यात त्यांनी ‘कंपनी’ उघडली. लॅटिनमध्ये पानिस म्हणजे पाव, आपली भाकरी म्हणा. कॉम म्हणजे सोबत. जे सोबत भाकरी खातात ती कंपनी. वर्गाला हे फार आवडलं. त्यानंतर सर जेवायला कँटीनमध्ये गेले. पाहुणे म्हणून त्यांना अधिकाऱ्यांच्या बाजूचं कुपन होतं. आमच्या कँटीनमध्ये एक काच आहे, अलीकडे कामगार, पलीकडे स्टाफ. जेवण एकच, फक्त पलीकडे ताटाऐवजी प्लेट आणि कागदी रुमाल. सर काचेपाशी थांबले, आत बघितलं, बाहेर बघितलं आणि तिथेच उभे असलेल्या प्लँट हेड कामत साहेबांना म्हणाले, “साहेब, ही वायली कंपनी हाय का?” कामत साहेबांना ‘वायली’ म्हणजे वेगळी हे कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसले. त्या वेळी हसले. सर कामगारांच्या बाजूला बसले, घरून आणलेली भाकरी मोडून एक तुकडा डावीकडच्याला, एक उजवीकडच्याला दिला आणि जेवले. पुढेही ते कधी पलीकडे गेले नाहीत. काच आजही तिथेच आहे.

त्यांचा दुसरा नियम दाराशी असायचा. वर्ग संपला की सर दारात उभे राहायचे. प्रत्येकाने बाहेर पडताना सांगायचं, आज काय घेतलं. एक शब्द, एक वाक्य, काहीही. ते सांगितल्यावरच हजेरीच्या कागदावर सही. मला ही पद्धत मुळीच आवडली नव्हती. पंचवीस माणसांना पंधरा मिनिटं लागायची आणि बस वाट बघत हॉर्न वाजवायची. एकदा दत्ता दारात येऊन म्हणाला, “सर, खरं सांगू का? मी झोप घेतली.”

मागे हशा पिकला. सर हसले नाहीत. “किती येळ?” त्यांनी विचारलं.

“पंधरा मिनिटं असेल.”

“चांगली लागली का?”

“लईच चांगली.”

“मंग कर सही. काय तरी घेतलंस.” आणि दत्ताच्या नावापुढे त्यांनी ‘झोप, पंधरा मिनिटं’ असं लिहिलंसुद्धा. मी तो कागद फाइलला लावताना खाडाखोड करावी का, असा विचार केला होता. केली नाही, कारण पेन सापडलं नाही.

ज्या शब्दामुळे पुढचं सगळं झालं तो त्यांनी पावसाळा संपताना घेतला. पार्टिसिपेट. आमच्या कंपनीत हा शब्द भिंतीवर, बॅनरवर, प्रत्येक मेलमध्ये असतो, त्यामुळे अर्थ सगळ्यांना माहीत होता. भाग घेणे. सगळे एका सुरात म्हणाले. सर म्हणाले, बरोबर, आता भाग म्हणजे काय ते सांगा. मग त्यांनी बॉनेट उघडलं. पार्स म्हणजे भाग, हिस्सा. कापेरे म्हणजे घेणे, नुसतं घेणे नाही, हातात पकडून घेणे. इंग्रजीतला कॅप्चर तिथूनच आला. हे दोन जोडून लॅटिन माणसाने एक शब्द केला, आणि तो चारशे-पाचशे वर्षांमागे इंग्रजीत आला. गंमत अशी, की इंग्रजांनी त्याच्याही आधी त्याचं सरळ भाषांतर करून ठेवलं होतं, पार्ट-टेकर, भाग घेणारा. मग त्यातूनच मागे येत त्यांनी पार्टेक असं क्रियापद काढलं. “म्हंजी बगा,” सर म्हणाले, “रोमन मानूस, इंग्रज आन् आपुन, तिघांनी एकच गोष्ट बोललीय. भाग. घेनं. तिघांच्या बी हातात काय तरी हाय.”

मग ते वाट्यांवर आले. त्यांच्या लहानपणी चिखली म्हणजे एकोणीस घरांची वस्ती होती, निदान त्यांच्या आळीत तरी. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बोकड पडायचा. पळसाची पानं मांडायची, एकोणीस. प्रत्येक पानावर सारखा वाटा. थोडं मटण, थोडी हाडकं, काळजाचा तुकडा, चरबी. कोणी म्हणायचं नाही की मला नुसतं काळीज द्या. आणि ज्याने वाटे घातले त्याने सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. त्यामुळे तो वाटे अगदी डोळ्यात तेल घालून सारखे घालायचा, कारण उरलेला त्याचा.

दत्ता म्हणाला की सर, मी माळकरी आहे, मी कसं पार्टिसिपेट करू? सर म्हणाले, “वांग्याचे घाल. बाजारात वांग्याचे वाटे लावत्यात का न्हाई? बोकड महत्त्वाचा न्हाई, वाटा महत्त्वाचा.”

तेव्हा शीतलने हात वर केला. शीतल परभणीकडची, लाइन तीनवर कंत्राटी ऑपरेटर. नवऱ्याचं कुदळवाडीतलं काम सुटलेलं, दोन मुलं शाळेत, घर हिच्या एकटीच्या पगारावर. कामात हात चांगला, बोलण्यात जेमतेम. तिने विचारलं, “सर, एखादा तिथं आला, पन वाटा उचललाच नाही, नुसता उभा राह्यला, तर त्याला काय म्हनायचं?”

सरांचा चेहरा असा खुलला, जणू म्हशीने जास्तीचं दूध दिलं. त्यांनी फळ्यावर दुसरा शब्द लिहिला. अटेंड. एका वर्गाला दोन शब्द, हे पहिल्यांदाच घडत होतं. लॅटिनमध्ये तेंदेरे म्हणजे ताणणे. आद म्हणजे त्या दिशेला. एखाद्या गोष्टीकडे लक्ष ताणायचं, ते अटेंड. सरांनी मान पुढे काढून, टाचा उंचावून, गर्दीच्या मागून वाटे बघणाऱ्या माणसाची नक्कल केली. टोपी पडता पडता राहिली. “ह्यो मानूस आलाय. ह्याचं लक्ष बी हाय. पन घरी गेल्यावर बायकू इचारती, काय आनलं? तर काय न्हाई. ह्यो अटेंड झाला. पार्टिसिपेट न्हाई.”

शीतलने दारात सांगितलं, की मी आज फरक घेतला. सरांनी ते लिहून घेतलं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आग विझवण्याचं प्रशिक्षण दर तिमाहीला असतं. लाइन थांबवता येत नाही, कारण डिस्पॅच थांबत नाही. शिफ्ट बदलत राहतात. त्यामुळे मी एक सोपी व्यवस्था लावली होती. महिन्याच्या सुरुवातीला हातमोजे वाटतात, त्या वेळीच सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकायच्या. पुढे प्रशिक्षणाला ज्यांना सोडता येईल ते जातील. मला यात काही गैर वाटत नव्हतं. फाइल पूर्ण असायची, साहेब खूश असायचे, हातमोजेही मिळालेले असायचे. कित्येक कंपन्यांत असंच चालतं, असं मी स्वतःला सांगायचे, आणि ते खरंही असेल.

त्या शब्दानंतरच्या गुरुवारी ग्राहकाचे ऑडिटर आले. उंच, गोरे, फार सभ्य गृहस्थ, सोबत पुण्याचा दुभाषी. फाइल बघितली. लाइन तीन, आगीचं प्रशिक्षण, बत्तीसपैकी बत्तीस. त्यांनी मान डोलावली आणि लाइनवर गेले. मी आणि कामत साहेब मागे. भिंतीवरच्या लाल सिलिंडरपाशी थांबून त्यांनी जवळच्या ऑपरेटरला विचारलं. जवळची ऑपरेटर शीतल होती. दुभाषी तोंड उघडणार एवढ्यात ती इंग्रजीत बोलली. तीन महिन्यांची मेहनत होती, संधी कोण सोडेल. ऑडिटरनी विचारलं होतं, की तुम्ही या प्रशिक्षणात पार्टिसिपेट केलं का?

शीतल म्हणाली, “नो सर. आय अटेंडेड.”

कामत साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सिलिंडरकडे बघितलं.

ऑडिटरना मजा वाटली असावी. त्यांनी दोन्हीतला फरक विचारला. शीतलने फरक सांगितला. मान पुढे काढून, टाचा उंचावून, सरांनी केली होती तशी नक्कल करून सांगितला. ती म्हणाली, मी मागे उभी होते, सिलिंडरला हात लावला नाही, दहा मिनिटांनी लाइनवर परत आले, सिलिंडर चौघांनीच चालवून बघितला. ऑडिटरनी विचारलं, मग बाकीच्यांच्या सह्या? तर ती अगदी स्पष्ट, वळणदार इंग्रजीत म्हणाली, “साइन, विथ ग्लोव्हज.” ऑडिटरना आधी वाटलं, हातमोजे घालून सही केली. दुभाष्याने, देव त्याचं भलं करो, नीट समजावून सांगितलं.

त्यांनी दोन पानं लिहिली. जाताना शीतलला म्हणाले, तुमचं इंग्रजी उत्तम आहे. तिचा चेहरा उजळला. कंपनीला एक महिन्याची मुदत मिळाली, असं का झालं ते लिहून द्या, सुधारणा दाखवा, पुन्हा तपासणी, तोवर नव्या पार्टची मंजुरी थांबलेली.

संध्याकाळी कामत साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. फक्त त्यांच्याही वर माणसं आहेत. त्यांनी सांगितलं की सोमवारपासून ती मुलगी लाइनवर नको, ठेकेदाराला मेल करा. मी मेल लिहिली. सोमवारी सकाळी पाठवायची म्हणून ठेवली. सुपरवायझरने मात्र शुक्रवारीच शीतलच्या कानावर घातलं.

शनिवारी वर्ग भरला. सरांना काहीच माहीत नव्हतं. फळ्याकडे वळताना त्यांना पहिल्या बाकावर शीतल दिसली. ती नेहमी तिसऱ्यावर बसायची. ती उभी राहिली आणि विचारलं, “सर, माझं उत्तर चुकलं का?”

मग बाकीच्यांनी तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं. दत्ताने सोमवारचंही सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. खडू खाली ठेवला.

“उत्तर बरोबर हाय,” ते म्हणाले. “शंभर टक्के बरोबर हाय. पन सगळी हाडकं तुझ्या एकटीच्या पानावर आलीत. हे बरोबर न्हाई.”

त्यांनी शब्दकोश पिशवीत घातला आणि मला विचारलं, “ताई, साहेब हायेत का वर?”

मी म्हटलं, आहेत, पण बिझी आहेत. माझ्या तोंडून ते सवयीने येतं. सर जिना चढायला लागले होते.

केबिनमध्ये कामत साहेब लॅपटॉपवर होते. सरांनी बसायला नकार दिला. प्रिंटरमधून चार कोरे कागद काढून घेतले, विचारूनच घेतले, आणि साहेबांच्या टेबलावर एका ओळीत मांडले. मला कळलं हे काय चाललंय. साहेबांना कळलं नाही, कारण वाटे त्यांनी ऐकलेले नव्हते. सरांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितले. मग एकेका कागदावर बोट ठेवत बोलले. हा पहिला, मुलीला फरक शिकवणाऱ्याचा. हा दुसरा, प्रशिक्षणाच्या आधीच सह्या घेणाऱ्याचा. हा तिसरा, प्रशिक्षण आणि डिस्पॅच एकाच वेळेला ठेवणाऱ्याचा. हा चौथा, विचारल्यावर खरं सांगणाऱ्याचा. “सारखे घातलेत का बगा. मी घातलेत, म्हनून मी शेवटी उचलनार. कुनाचा कुठला ते मी सांगत न्हाई. ज्याचा त्यानं वळखावा.”

साहेब म्हणाले, “सर, ही तुमच्या गावची जत्रा नाही.”

“न्हाई साहेब,” सर म्हणाले, “जत्रंत एवढा येळ लागत न्हाई.”

मी काही धाडसी बाई नाही. आयुष्यात मी घोषणा दिलेली नाही आणि कोणाच्या मोर्च्यात गेलेली नाही. पण मी ट्रेनिंग बघते, आणि समोर टेबलावर चार कागद पडले आहेत, त्यातला एक ढळढळीत माझा आहे आणि तो कोणी उचलत नाही, हे मला बघवेना. पसारा मला आवडत नाही. मी पुढे होऊन दुसरा कागद उचलला. म्हटलं, साहेब, सह्या मी घेतल्या, तीन वर्षं मीच घेतेय, तिने मला वाचवायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही, आणि सोमवारची मेल माझ्याच्याने पाठवली जाणार नाही, ठेकेदाराला तुम्हीच फोन करा.

साहेबांनी नाव घेऊन हाक मारली नाही, ‘मॅडम’ म्हणाले, आणि ते ‘मॅडम’ बराच वेळ हवेत राहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डिस्पॅचचा होता. ते बोलायला लागले आणि बोलता बोलता, दुसरीकडे बघत, डाव्या हाताने तिसरा कागद ओढला, त्यावर ट्रकचा नंबर लिहून घेतला आणि घडी करून खिशात घातला. त्यांनी तो जाणूनबुजून उचलला की लिहायला कागद हवा म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. सरांनी कसलीही शंका घेतली नाही. त्यांच्या दृष्टीने उचलला म्हणजे उचलला.

फोन ठेवून साहेब म्हणाले, की मुलगी राहू दे. पण सर, तुमचा वर्ग मला बंद करावा लागेल. वर काय सांगू मी?

“व्हय,” सर म्हणाले. “तेच माझ्या वाट्याला हाय.” उरलेल्या दोन कागदांपैकी चौथा त्यांनी नीट दुमडला. “ह्यो तिचा. देतो नेऊन.” पहिला, स्वतःचा, त्यांनी सगळ्यांच्या शेवटी पिशवीत टाकला.

खाली येऊन त्यांनी शीतलला तो कोरा कागद दिला आणि सोमवारी कामावर ये म्हणाले. तिने कागद उलटसुलट करून बघितला. काय लिहिलंय हे तिने विचारलं नाही, आणि सरांनी सांगितलं नाही. मग त्यांनी वर्ग घेतला. पूर्ण घेतला, कारण तो शेवटचा होता. बसचे हॉर्न वाजत होते. त्या दिवशी मी ड्रायव्हरला सांगून आले, की थांब.

मला मेमो मिळाला. ग्राहकाला जे पत्र गेलं ते मीच लिहिलं, आणि त्यात जसं घडलं तसं लिहिलं, कारण दुसरं काही सुचेना. आता प्रशिक्षणासाठी लाइन तिमाहीला अर्धा तास थांबते. सह्या शेवटी होतात, आणि कागदावर सहीशेजारी एक रकाना असतो, ‘काय घेतलं’, हवं त्या भाषेत. लोक ‘पिन ओढायची’ लिहितात, ‘वाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं’ लिहितात. क्वचित कोणी ‘काही नाही’ लिहितो, आणि मी त्याला पुन्हा पाठवते. महिन्याने ऑडिटर आले, त्यांनी बत्तीसच्या बत्तीस जणांना सिलिंडर चालवायला लावला, मैदानभर पांढरी पावडर झाली, आणि मंजुरी मिळाली. शीतल आता लाइन दोनची लीडर आहे. सर बजेटमध्ये बसत नव्हते, असं त्यांच्या फाइलवर लिहिलेलं आहे.

सर पुढच्या वर्षी गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. म्हशी भाच्याने नेल्या. चिखलीतल्या त्यांच्या भाडेकरूंनी तेरा दिवस जिन्यात ऐकू येईल इतक्या मोठ्याने टीव्ही लावला नाही, आणि ते किती कठीण असतं हे मला माहीत आहे.

त्यांना मी शिकवताना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात, सकाळी सहाच्या सुमाराला. मी स्टाफच्या बसमध्ये खिडकीशी होते. चौकात कंत्राटी बायकांचा थांबा आहे. तिथे दहा-बाराजणी स्वेटर, स्कार्फ गुंडाळून उभ्या होत्या आणि मध्ये साहेबराव सर, स्कूटर स्टँडवर लावून, हाताने हवेत काहीतरी उघडून दाखवत होते. वर्ग बंद झाल्यावर त्यांनी तो इथे आणला होता, हे मला तेव्हा कळलं. बस येईपर्यंतची वीस मिनिटं. हजेरी नाही, फळा नाही. शीतल त्यांच्याशी वाद घालत होती असं दिसत होतं, आणि सर तिचं ऐकून मान हलवत होते. कोणता शब्द होता ते खिडकीतून कळलं नाही.

बायकांची बस आली, त्या चढल्या, बस सुटली. आमची सिग्नलला अडकलेली. तेवढ्यात गल्लीतून एक मुलगी डबा सांभाळत धावत आली, बस गेलेली बघून तिने कपाळाला हात लावला. सरांनी तिला खूण केली. ती घुटमळली, मग मागे बसली. आणि सत्तरीच्या साहेबराव सरांनी टोपी खिशात कोंबली, स्कूटर अशी पिटाळली, की आमचा ड्रायव्हरसुद्धा ओरडला, अरे म्हाताऱ्या, हळू. पुढच्या वळणावर मला एवढंच दिसलं की बसच्या मागच्या खिडकीतून बायका हात हलवून ड्रायव्हरला थांबायला सांगत होत्या, आणि सर एका हाताने हॉर्न दाबत बसच्या अगदी जवळ पोचले होते.